कोगुरेचा कान

— नाही, थांब जरा. परत सांग, म्हणजे मला नीट हसता येईल. आधी मोठं टर्बो घ्यायचं. तेही कुणाच्या तरी गाडीतून उपसलेलं, फोनवरच्या लिलावात फोटो बघून. ते या बिचारीच्या इंजिनाला लटकवायचं आणि बाकीचं काय ते ‘जमेल तसं’. जमेल तसं! वा, नेझुसान, वा! त्या कंदाच्या जेलीच्या, कोन्याकूच्या कारखान्यात हिशेब असाच लिहितोस का रे — आधी नफा मांडायचा, मग माल जमेल तसा? अंगात गंजी नाही आणि साहेबांना हवाय कोट. तो फोन ठेव आधी खिशात. ठेव म्हणतो ना. ही तुझी सिल्व्हिया गाडी तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, तिच्यासमोर असलं काही वाचून दाखवू नये. आणि मोठ्याने बोल जरा. तुमची सगळी पिढी ओठातल्या ओठात बोलते, कोणाची भीती वाटते कोण जाणे. हे गॅरेज आहे, इथे घसा उघडून बोलायचं. हं. पैसे कमी आहेत — कळलं. ते तर तुझे टायर बघूनच कळलं.

बस. तो टायर ओढ आणि बस त्याच्यावर. कमी पैशात इंजिनाचे घोडे वाढतात का? वाढतात की. पण तुम्हा लोकांना वाटतं घोडे दुकानात मिळतात. अरे, घोडे गाडीत आधीच असतात, बनवणाऱ्याने नुसते बांधून ठेवलेले — म्हाताऱ्या बाईने चालवली तरी मोडू नये म्हणून. सोडायचे कसे, एवढंच. अडीचशे आहेत, तुला हवेत साडेतीनशे. तीनशेवर गप बस. का? कारण तीनशेपर्यंत जुनंच टर्बो पुरतं. त्याच्या पुढे पेट्रोलचा पंप बदला, नोझल बदला, क्लच बदला, आणि एवढं सगळं बदलून झालं की बायको आपणहून बदलते — म्हणजे जाते. लग्न नाही झालेलं? मग कसली घाई आहे? आधी रबरी नळ्या बदल. हसू नकोस. कोणी पैसे घालत नाही नळ्यांवर, कारण नळ्या मित्रांना दाखवता येत नाहीत. वाळलेल्या नळ्यांच्या भेगांतून हवा गळते आणि हे शहाणे मोठं टर्बो शोधत हिंडतात! मग प्लग. मग चांगलं तेल, रेडिएटर साफ. मग धुराचा पाइप रुंद — आतलं बाहेर पडलं तरच नवं आत येणार, तुझ्या पोटाला कळतं ते तुला का कळू नये? मग हवा थंड करणारी पुढची जाळी जरा मोठी, जुनी चालेल. आणि मग दाब. दाब म्हणजेच सगळं. टर्बो जेवढ्या दाबाने हवा कोंबेल तेवढे घोडे. आणि तो दाब वाढवायला लागतो काय? हा. एवढासा पितळेचा स्क्रू. याचे पैसे मागायची मलाच लाज वाटते.

पण किती पिळायचा? हा खरा प्रश्न, आणि हाच माझा धंदा — बाकी सगळी नट-बोल्टांची हमाली. थोडा पिळला तर काही मिळत नाही. जास्त पिळला तर आतलं पेट्रोल ठिणगी पडायची वाट बघत नाही, आपलं आपण आधीच फुटतं. पत्र्याच्या डब्यात चणे हलवावेत तसा आवाज येतो. बारीक. एकदा आला तर इशारा, दहादा आला तर पिस्टन गेला. आणि तुझ्या गाडीचा पिस्टन गेला की संपलं. सुटे भाग शोधत बसशील, चांगल्या चांगल्या गाड्या सगळ्या अमेरिकेला चालल्यात. म्हणून मी काय करतो? पिळतो थोडा, घाटात नेतो, ऐकतो. नाही आला आवाज? अजून पिळतो. परत ऐकतो. पहिला चणा वाजला की तिथून पाव फेरा मागे आणि वर रंगाचा ठिपका. संपलं काम. ताकासाकीचा तो सेकिने आहे ना, त्याच्याकडे जमिनीत रोलर पुरलेत. गाडी वर चढवतो, बांधतो, वायरी लावतो आणि हा पलीकडे काचेच्या खोलीत खुर्चीत बसून पडद्यावरचे रंग बघतो! गाडी जागची हलत नाही आणि म्हणे गाडी जुळवली. खानावळीत जाऊन नुसता फलक वाचून यायचं आणि पोट भरलं म्हणायचं! माझ्याकडे ही तांब्याची नळी. हे चेपलेलं टोक इंजिनाच्या अंगाला बोल्टाने आवळायचं, हे रबर आतपर्यंत ओढायचं आणि कानात. एवढंच माझं यंत्र. 

हे यंत्र नसेल तर कोगुरे म्हणजे काय? म्योगी डोंगराच्या पायथ्याचा एक म्हातारा, हातात पाना. मला माहीत आहे ते, तू सांगायला नको. लोक नागानोहून यायचे या कानासाठी, निईगाताहून यायचे, बाहेर कांद्याच्या शेताला लागून गाड्यांची रांग असायची. हल्ली येत नाहीत. हल्ली सगळ्यांना रंग हवेत. आणि ही सायोको, माझी मुलगी, तिने माएबाशीच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय. मला न विचारता! का, तर म्हणे टीव्ही मोठा लावता. बातम्या देणारा पुटपुटतो त्याला मी काय करू? मी म्हटलं, त्या डॉक्टरला आण इथे, नळी देतो त्याच्या कानात, कोणत्या सिलिंडरचा प्लग जुना आहे ते सांगू दे मला. सांगेल? सांगितलंन् तर दुकान लिहून देतो त्याच्या नावावर. कान दाखवायचा म्हणे. कोगुरेने!

आणि खरं सांगू का — हात तर माझा उलट सुधारलाय. विचार कसा. पूर्वी ही इंजिनं थोड्याशा दाबाला वाजायला लागायची, मी मागे घ्यायचो, गिऱ्हाईक हिरमुसायचं. गेली दोन-एक वर्षं बघतोय — पिळतो, आवाज नाही. अजून पिळतो, आवाज नाही. एकदम स्वच्छ! म्हाताऱ्या झालेल्या गाड्या आणि पूर्वीपेक्षा जास्त दाब पचवतात. हे कशाने होतं? हाताने होतं. आवळण्यात असतं, जोडण्यात असतं. तो सेकिने एकदा इथे येऊन बघून गेला, मिठाईचा डबा घेऊन आला होता, आणि मला म्हणतो, ‘कोगुरेसान, एवढा दाब त्या इंजिनाला झेपायचा नाही.’ मी म्हटलं, तुझ्या रोलरला झेपत नसेल. मिठाई ठेवून घेतली. बरी होती.

गाड्या मोडल्या? कोण म्हणालं मोडल्या? कारखान्यात बोलतात होय. बोलणारच, कोन्याकू ढवळता ढवळता दुसरं काय करणार. हो, मोडल्या दोन-चार. त्या काय माझ्यामुळे मोडल्या? पाय जड असतात लोकांचे. पेट्रोल स्वस्तातलं भरतात. तो शिनोहारा, शाळामास्तर — तुझ्यासारखाच, मिशी फुटली नाही आणि वेग हवा — माझ्याकडनं गाडी घेऊन गेला आणि पंधरवड्यात टेम्पोवर घालून परत. पिस्टनचा तुकडा उडालेला. वर तोंड करून मला म्हणतो, आवाज येत होता हो. आवाज येत होता! तुला येत होता आणि मला येत नव्हता? मी जुळवली तेव्हा मी स्वतः ऐकलं होतं, स्वच्छ होती. चांगलं घेतलं त्याला फैलावर, त्याची बायको उभी होती शेजारी तिच्यादेखत. म्हटलं, मुलांना बाराखडी शिकव, गाडी हे तुझं काम नव्हे. रडायच्या बेतात आला होता. विकली मग गाडी. भंगारातच गेली म्हणतात. आता आगगाडीने जातो शाळेत, बरंच आहे, त्याच्या पायाला तेच शोभतं.

तू का असा बघतोयस? चल, ऊठ. बोलून काय होणार, दाखवतोच तुला. सकाळपासून गाडी इथे आहे, मी काय माशा मारत होतो? नळ्या बदलल्यात, माझ्याकडच्याच आहेत, त्याचं आपण मग बघू. स्क्रू बसवलाय. तांब्याची नळीही लावलीय. चावी दे. नाही, मीच चालवणार. ऐकायचं असेल तर पाय आपला लागतो, परक्याच्या पायावर काही कळत नाही. तू शेजारी बस, पट्टा लाव, आणि दार आपटू नकोस, फ्रीजचं नाही ते.

बघ. हा काटा दिसतो? हा दाब. आत्ता मी थोडासाच पिळलाय. इथून देवळापर्यंत सरळ चढ आहे, समोरून कोणी येत नाही या वेळी, ट्रॅक्टरसुद्धा जेवायला गेलेले असतात. हं — आता — बघ! ढकलली की नाही पाठ? तुझ्या त्या लिलावातल्या टर्बोला एवढ्यात जागसुद्धा आली नसती! आणि आवाज? काही नाही. लोण्यासारखी. थांब, इथे बाजूला घेतो. पाव फेरा. बसून राहा, मी येतो. — हां. झालं. आता हे वळण आणि त्याच्या पुढचा चढ. बघ काटा. बघतोस ना? काट्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस!

काय? बोल की मोठ्याने. कसला आवाज? नाही, तो दगड. खडी टाकलीय ना वळणावर, ती उडते आणि खाली लागते. अरे खडी संपली असेल तर संपली, टायरात अडकलेली असते. तुझे टायर, मी काय सांगू. परत? बरं, मग धुराच्या पाइपावरचा पत्रा. या गाड्यांचा तो पत्रा सुटतोच, सगळ्यांचा सुटतो, क्लिप मारून देतो फुकटात. बघ, नळी माझ्या कानात आहे, थेट इंजिनाच्या अंगाला लावलेली. मला ऐकू येईल की तुला? शांत आहे. देवळात असते तशी शांतता आहे आत. मी सांगतो तुला, अजून जागा आहे हिच्यात. मला माहीत होतं, पहिल्यांदा सुरू केली तेव्हाच म्हटलं होतं मी, इंजिन चांगलं लागलंय याला, नशीबवान आहे पोरगा. मी अजून पाव — काय ‘नको’? गाडी तुझी, पण घाट माझा. तुला साडेतीनशे हवे होते ना? मगाशी फोन काढून काढून दाखवत होतास! आता भिजलेल्या मांजरासारखा का बसलायस? पाव फेरा फक्त. 

हं. आता नीट बस. हा लांब चढ, इथे खोटं चालत नाही, इथे जे वाजायचं ते वाजतंच. दुसरा गिअर — तिसरा — दाबला पूर्ण — बघ काटा! बघ कुठे गेलाय! आणि स्वच्छ! सेकिनेला बोलवा कोणीतरी, त्याच्या रोलरसकट बोलवा, म्हणावं ऐक, हे असं — अरे, हात काढ. हात काढ माझ्या दंडावरचा! वळणावर आहोत! तुला काय झालंय? काय ओरडतोस? काय वाजतंय? कुठे वाजतंय?

बरं. थांबलो. थांबलो ना? तू शिनोहाराचा भाऊ आहेस का रे? तसंच तोंड, तसेच डोळे. आवाज येतो म्हणे. आज निकालच लावू आपण, म्हणजे कारखान्यात जाऊन माझ्या नावाने शंख करायला नको. घे. घे ही नळी. लाव तुझ्या कानात. असं नाही, दाबून लाव, दुसऱ्या कानावर हात ठेव. मी तसाच चालवतो, तेवढाच दाब देतो, आणि तू मला सांगायचं, समोर बघून सांगायचं, कोगुरेसान, काही आवाज नाही. आणि मग माझी माफी मागायची. ठरलं? चल.

दुसरा. — तिसरा. — आता देतो. काटा बघ, गेला तिथेच. हं? काय —

नळी का फेकलीस?

काय झालं? तोंड असं का झालं? पाय काढू? का काढू? ओरडू नकोस, काढतो, काढला, हा बघ काढला! किती पांढरा पडलायस. दुखला कान? नळीतून कसा दुखेल कान, मी आयुष्यभर लावतोय, मला कधी —

इथे घेतो बाजूला. नाणं टाकून कॉफी देणाऱ्या त्या यंत्रापाशी सपाट आहे. तू उतरू नकोस. बस. मी बघतो. पत्राच असणार. पत्रा हलला की नळीत मोठा वाटतो, नवख्या माणसाला वाटतं काय झालं नि काय नाही. बॉनेट उघड खालून. ती खटकी ओढ. हं. पत्रा — पत्रा घट्ट आहे. बरं. असेल. दुसरं काहीतरी असेल. बरं उतर, पाना दे मागच्या पिशवीतला, लांबडा. आणि हातमोजा. प्लग काढून बघू, प्लग खोटं बोलत नाही, तुला दाखवतो पांढराशुभ्र प्लग आणि मग बघ तुझं मी काय करतो ते.

हा पहिला.

पुसून बघतो जरा.

दुसरा दे. म्हणजे — थांब, मीच काढतो. तू उजेडातून सरक जरा, अंधार करतोयस.

हे ठिपके दिसतात तुला? हे, चिनीमातीवर. मिरपूड भुरभुरल्यासारखे. नाही, काजळी नाही ती. पुसून बघ. पुसलं जात नाही ना? पिस्टनचे आहेत ते. पिस्टनचा धातू वितळून उडतो, बारीक कण, आणि इथे येऊन चिकटतो. बराच वेळ वाजल्याशिवाय येत नाहीत हे. तिसऱ्यावरही आहेत. चौथ्यावरही.

कधीपासून ऐकू येत होतं तुला? — नाही, चिडत नाहीये. विचारतोय. देवळापासून? म्हणजे पहिल्याच चढाला. पाव फेराही पिळायच्या आधी. आणि नळीशिवाय? नुसता बसल्या जागी, खिडकी बंद असताना? — कसा होता? चण्यांसारखा? बारीक की मोठा? सांग की. मोठा. बरं.

मग शेवटच्या चढाला तर —

अरे देवा.

नाही, काही नाही. काही म्हणालो नाही मी. शिनोहारा म्हणाला होता, देवळाच्या पुढे सुरू होतो आवाज. असंच म्हणाला होता, देवळाच्या पुढे. बायको शेजारी उभी होती त्याची. — काही नाही म्हटलं ना! तुला काय करायचंय शिनोहाराशी! 

बघतोस काय माझ्याकडे असा? म्हातारा बघितला नाहीस कधी? ते कीव-बीव आलेलं तोंड आधी सरळ कर, कानाखाली काढीन एक. रुमाल काय देतोस, घाम आलाय मला, उन्हात उभा आहे. सरक. स्क्रू काढतोय मी तुझा. हा बघ, काढला, गेला खिशात. कंपनीने दिली होती तशी झाली तुझी गाडी, अडीचशे घोडे, तुझ्या लायकीला तेवढे रग्गड आहेत. पिस्टन शाबूत आहे, ठिपक्यांवर भागलंय. तू माझा हात धरलास म्हणून — तू घाबरट आहेस म्हणून भागलं. प्लग लावतो परत. धर हा पाना. गरम आहे इंजिन, धरवत नाही. दे इकडे. तूच लाव बरं शेवटचा. वाकडा बसवू नकोस, आधी हाताने फिरव, मग पान्याने. हं. बसला.

आता ऐक. इथून खाली उतरायचं आणि गॅरेजकडे वळायचं नाही. सरळ ताकासाकीला जायचं, सेकिनेकडे. हळू जा. त्याला सांग, प्लगवर ठिपके आलेत, इंजिन उघडायची गरज नाही पण चारही सिलिंडरांचा दाब मोजून दे म्हणावं, आणि मग त्याच्या त्या रोलरवर घाल, जेवढे घोडे तो पडद्यात बघून देईल तेवढे घे. तीनशे देईल. चांगला देईल. पैसे जास्त घेतो पण — चांगला देईल. मी? मी येतो माझा माझा. उतार आहे, चालत उतरेन. खाली भाजीचा ट्रक मिळतो. नाही, तुझ्या गाडीत बसायचं नाही मला. नळ्यांचे पैसे नकोत. नकोत म्हटलं ना! कारकुनाचे पैसे घेऊन मी काय बंगला बांधणार आहे? ठेव ते पाकीट आत.

आणि एक. उद्या कारखान्यात विचारतील, काय झालं, कोगुरेकडे गेला होतास ना? तर सांगायचं, कोगुरे माजलाय. सांगायचं, शिव्या दिल्या, लायकी काढली, गाडीला हात लावला नाही आणि हाकलून दिलं. गिऱ्हाईकाची किंमत नाही त्या म्हाताऱ्याला. हे सगळ्यांना सांगायचं, जेवायच्या सुट्टीत सांगायचं, चांगलं मीठ लावून सांग, माझी हरकत नाही. एवढंच सांगायचं. दुसरं एक अक्षर नाही. कळलं? — मान हलवू नकोस, तोंडाने सांग. नाही, नको. नको सांगूस काही. मी बघतोय तुझ्या ओठांकडे, कळलं मला.

जा. उभा काय राहिलास? जा म्हणतो ना! निघ इथून!